ताप योजनेत बसतो का?

१९६१ साली रॉबर्ट पीटर्सडॉर्फ आणि पॉल बीसन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरही जणांचं दुखणं एकच होतं: ताप उतरत नव्हता आणि तो कशामुळे येतो हे कुणाला सांगता येत नव्हतं. अशा तापाची त्यांनी केलेली व्याख्या पुढे जगभर चालली. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जायला हवा, तीन आठवड्यांहून जास्त टिकायला हवा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही निदान झालेलं नसावं. शोध संपला तेव्हा शंभरांपैकी छत्तीस जणांच्या तापामागे कुठला ना कुठला संसर्ग निघाला.

व्याख्येतला हा रुग्णालयातला आठवडा आपल्याकडच्या कुटुंबाला फार महाग पडतो. तिथे पोहोचेपर्यंत गावातले डॉक्टर, तालुक्याचं नर्सिंग होम, दोन-तीन लॅबची बिलं आणि सलाइनच्या बाटल्या एवढं सगळं होऊन गेलेलं असतं. अंगावरचा एखादा दागिना मोडलेला असतो. मग कुणीतरी सांगतं, ‘आता इन्फेक्शनच्या डॉक्टरांना दाखवा.’ आणि घरातून लगेच प्रश्न येतो, ते योजनेत बसतं का?

सरळ उत्तर असं, की सरकारी आरोग्य योजनेत डॉक्टर बसत नाहीत. योजनेत रुग्णालयं बसतात आणि उपचार बसतात. ‘योजना घेणारे संसर्गरोगतज्ज्ञ’ अशी यादी महाराष्ट्रात शोधायला निघालेला माणूस चुकीच्या दारावर थाप मारतो आणि त्यात त्याचे आजारातले मोलाचे दिवस जातात. शोध उलट्या बाजूनं करावा लागतो. आधी आजार कुठल्या प्रकारचा दिसतो ते ठरवायचं, त्यावरून कुठलं सरकारी दार उघडं आहे ते पाहायचं आणि त्या दारामागे संसर्गाची जाण असलेला डॉक्टर कोण आहे ते विचारायचं.

पण त्याआधी हा तज्ज्ञ नेमकं करतो काय, ते समजून घेऊ. त्याच्याकडे हृदयरोगतज्ज्ञासारखी अँजिओग्राफी नसते, शल्यविशारदासारखी शस्त्रक्रिया नसते. तो प्रश्न विचारतो, अंगावरून बारकाईनं नजर फिरवतो आणि कुठली तपासणी कुठल्या क्रमानं करायची ते ठरवतो. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या सूक्ष्म किड्यांच्या अळ्या चावून हा जंतू अंगात शिरतो. जिथे चावा बसतो तिथे काळी खपली धरते, आणि ती बहुधा काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली अशा झाकलेल्या जागी असते. शर्ट काढून पाहिलं नाही तर ती दिसत नाही. ती दिसली, की डॉक्सीसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध बहुतेकांना बरं करतं. दिसली नाही, तर सेफ्ट्रिॲक्झोनची महागडी इंजेक्शनं चालू राहतात आणि या जंतूवर त्यांचा उपयोग होत नाही. गुडघाभर पुराच्या पाण्यातून चालत आलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, हे २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतल्या प्रत्येक वॉर्डाला कळलं. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माणूस काजूच्या हंगामात बागेतून ताप घेऊन आला, तर माकडतापाचा विचार करावा लागतो. गोचिडांमुळे पसरणारा हा आजार सिंधुदुर्गात २०१६ पासून ठाण मांडून आहे. तुम्ही राहता कुठे, काम काय करता, घरात गुरं-उंदीर आहेत का, गेल्या महिन्यात कुठे गेला होता, कुठली गोळी किती दिवस घेतली, या चौकशीत निम्मं निदान दडलेलं असतं.

असे डॉक्टर आहेत कुठे? ‘डीएम इन्फेक्शियस डिसीजेस’ ही पदवी भारतात तुलनेनं नवी आहे आणि ती शिकवणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. ती मिळवलेले किंवा परदेशात या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर बहुतेक मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आणि तिथेही मोठ्या खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयांत दिसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी पाटी शोधत फिरू नये. तिथे संसर्गाचं काम एमडी मेडिसिन झालेले फिजिशियन करतात, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात हे काम रोजचं आहे. मलेरिया, डेंगी, क्षय, मेंदूज्वर, धनुर्वात, सर्पदंश बघत ज्यांची वर्षं गेली, अशा प्राध्यापकाच्या नावापुढे डीएम नसेलही. तापाच्या रुग्णासाठी मला त्यांच्या नजरेची किंमत पदवीपेक्षा कमी वाटत नाही. पदवीच्या शोधात नागपूरच्या ‘मेडिकल’ला, संभाजीनगरच्या ‘घाटी’ला, कोल्हापूरच्या ‘सीपीआर’ला, पुण्याच्या ‘ससून’ला वळसा घालून थेट खासगीत जाणारी कुटुंबं बघितली की जीव तुटतो.

मुंबई-पुण्यात तर निव्वळ संसर्गजन्य रोगांसाठी वाहिलेली महापालिकेची रुग्णालयं आहेत. मुंबईत साने गुरुजी मार्गावरचं कस्तुरबा, पुण्यात डॉ. नायडू. महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी नायडूतच दाखल झाले. क्षयासाठी शिवडीचं रुग्णालय वेगळं. या परंपरेची मुळं प्लेगच्या काळात आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका रुग्णाचा ताप आणि गाठ पाहून हा प्लेग आहे, असं छातीठोकपणे सांगणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. पुढच्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगानं सावित्रीबाई फुले गेल्या. आज ज्या योजनेसाठी आपण रेशनकार्ड पुढे करतो, ती त्यांचे पती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावानं चालते. संसर्गाच्या रुग्णाला या योजनेत नीट जागा मिळावी अशी अपेक्षा ठेवायला एवढा इतिहास पुरेसा आहे.

ती योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ म्हणून सुरू झाली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. खेड्यापाड्यांत अजूनही लोक तिला ‘जीवनदायी’च म्हणतात. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालू लागल्या. पूर्वी दीड लाखांचं असलेलं संरक्षण १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख झालं आणि पिवळ्या-केशरी कार्डांपुरती असलेली दारं पांढऱ्या कार्डालाही उघडली. तेव्हा एकत्रित यादीत १,३५६ उपचार होते. पुढे ती वाढत गेली. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं.

(महाराष्ट्राला आरोग्य विमा सरकारनं शिकवला असं मात्र नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं कितीतरी आधी गावकऱ्यांसाठी ज्वारीचा विमा चालवला. सुगीला घरटी ज्वारी जमा करायची आणि वर्षभर उपचारात सवलत घ्यायची. हे कस्तुरबा मुंबईच्या कस्तुरबापेक्षा वेगळं, आणि वर्धा-यवतमाळकडच्या तापाच्या रुग्णांसाठी आजही मोठा आधार.)

योजनेच्या यादीत संसर्ग आहेत का? आहेत. डेंगी, मलेरिया, विषमज्वर, लेप्टो, मेंदूज्वर, न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग म्हणजे सेप्सिस, गुंतागुंत झालेला एचआयव्ही, यांसाठी आयुष्मानच्या जनरल मेडिसिन विभागात पॅकेजेस आहेत. निदान न झालेल्या तापासाठीही आहे. मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा, कहर झाला तेव्हा राज्यानं तो आजार महात्मा फुले योजनेत आणला. त्याआधी २०२० मध्ये कोविडसाठी योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली केली होती. म्हणजे मनात आणलं तर संसर्गासाठी योजना वाकवता येते, हे आपण पाहिलेलं आहे.

अडचण वेगळीच आहे, आणि या प्रकरणातलं माझं मुख्य म्हणणं तेच आहे. योजना पैसे देते ते दाखल झालेल्या रुग्णाच्या खाटेचे, औषधांचे, तपासण्यांचे. पॅकेजच्या रकमेतच डॉक्टरांची फी, नर्सिंग, जेवण, सगळं धरलेलं असतं. संसर्गरोगतज्ज्ञाचं खरं काम म्हणजे विचार करणं, आणि त्याचा बराच भाग बाह्यरुग्ण विभागात होतो, कुणी दाखल होण्याच्या आधी किंवा डिस्चार्जनंतर. तिथे योजना नाही. रुग्ण दाखल असताना रुग्णालयानं बाहेरून संसर्गतज्ज्ञ बोलावला तर त्याची फी त्याच ठरलेल्या पॅकेजमधून जाते. रुग्णालयाच्या हिशोबात तज्ज्ञाचं अर्ध्या तासाचं मत हा खर्च ठरतो. पण त्या मतामुळे दोन महागडी अँटिबायोटिक्स बंद झाली, रुग्ण चार दिवस आधी घरी गेला, तर तो खर्च कितीतरी पटींनी वसूल होतो. योजनेच्या पॅकेजमध्ये संसर्गतज्ज्ञाचं मत आणि रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) यांची वेगळी, ठळक तरतूद असायला हवी आणि बाह्यरुग्ण विभागातली पहिली तपासणीही तिच्यात यायला हवी. सरकारला यात तोटा नाही. अंदाजानं दिलेल्या अँटिबायोटिक्सचा खर्च शेवटी सरकारी तिजोरीतूनच जातो आणि त्यातून वाढणारी जंतूंची औषध-प्रतिकारशक्ती तर सगळ्यांच्याच वाट्याला येते.

तोवर रुग्णानं काय करायचं? पहिली गोष्ट, आपल्या आजाराला योजना लागते तरी का, ते पाहायचं. संसर्गाचे काही मोठे आजार विम्याच्या बाहेरच, सरकारी कार्यक्रमांतून पूर्ण मोफत बरे केले जातात, आणि हे माहीत नसल्यानं लोक उगाच रुग्णालयांच्या याद्या चाळत बसतात.

क्षयरोगाचं निदान, सीबीनॅट किंवा ट्रूनॅटची तपासणी, सगळी औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून खात्यात पैसे येतात. एप्रिल २०१८ पासून ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत असाल तरी नोंदणी झाल्यावर सरकारी औषधं मिळू शकतात. खासगीतले चांगले छातीरोगतज्ज्ञ स्वतःहून ती मिळवून देतात. नसतील देत तर मागायची. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी लागणारी बेडाक्विलीनसारखी औषधं मुख्यतः या कार्यक्रमातूनच मिळतात, तेव्हा तिथे खासगीत पैसे घालवण्यात अर्थच नाही.

एचआयव्हीची औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत आहेत, आणि मुंबईचं जे. जे. रुग्णालय ती देणाऱ्या पहिल्या केंद्रांपैकी एक. आज अशी एआरटी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथले डॉक्टर रोज हेच काम करतात, म्हणून एचआयव्हीसोबत येणाऱ्या मेंदूज्वराची, फुप्फुसातल्या बुरशीची त्यांना ओळख असते. १०९७ या क्रमांकावर जवळचं केंद्र कळतं. एचआयव्ही आहे म्हणून कुणी शस्त्रक्रिया किंवा दाखल करणं नाकारलं तर ते बेकायदा आहे. २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे आणि तो खासगी रुग्णालयालाही बांधतो.

कावीळ सी म्हणजे हिपॅटायटिस सी असेल तर २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गोळ्या मोफत मिळतात. बहुतेकांचा कोर्स बारा आठवड्यांचा असतो आणि शंभरात पंचाण्णवच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस बीची औषधंही याच कार्यक्रमात आहेत. कुष्ठरोगाचं तर विचारायलाच नको, त्याची औषधं सरकारी दवाखान्यात कधीपासून फुकट मिळतात.

यांपैकी काहीच नाही, ताप आहे आणि कारण कळत नाही, अशा वेळी पहिलं दार सिव्हिलचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसुद्धा मोफत आहे. योजना जिथे पोहोचत नाही त्या बाह्यरुग्ण विभागाची सोय इथे झालेली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे असल्यानं तिथे थोडी फी लागते, पण ती खासगीच्या तुलनेत किरकोळ. सिव्हिलच्या फिजिशियनांनी चिठ्ठी दिली तर ती घेऊन महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत जावं. सोबत आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेली फाइल असावी, आणि तापाची नोंद: कुठल्या वेळी किती चढला. घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं वेष्टन जपून ठेवावं. औषधाचं नाव न कळता केवळ ‘लाल-पिवळी कॅप्सूल’ एवढंच कळलं तर सर्वांत हुशार डॉक्टरलाही पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रवास शक्य नसेल, तर ई-संजीवनीवरून सरकारी डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मोफत मिळतो. याहून उपयोगी वाट अशी, की तुमच्याच प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना त्याच यंत्रणेतून वरच्या तज्ज्ञांशी बोलायला सांगायचं. दोन डॉक्टरांच्या बोलण्यात तुमच्या सांगण्यातल्या त्रुटी भरून निघतात.

एक विनंती इथे ठळकपणे करतो. ताप जुना असेल आणि दाखल होण्याची वेळ आली असेल, तर नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घेतलंय का, हे विचारा. ‘डॉक्टरसाहेब, औषध चालू करण्याआधी कल्चर पाठवलंय ना?’ एवढं अदबीनं विचारलेलं कुणाला खटकत नाही. एकदा अँटिबायोटिक रक्तात गेलं की जंतू उगवणं अवघड होतं आणि पुढचा सगळा उपचार अंदाजावर चालतो. अत्यवस्थ रुग्णासाठी मात्र थांबू नये. तिथे रक्त काढून लगेच औषध सुरू करणं हेच बरोबर.

आता योजनेच्या रुग्णालयाकडे वळू. योजनेत सामील झालेल्या रुग्णालयाला सरकारी भाषेत ‘अंगीकृत’ म्हणतात. पाटीवर महात्मा फुले यांचं चित्र दिसलं म्हणजे तिथे तुमचा ताप बसेल असं नाही. एखादं रुग्णालय फक्त हाडांचं किंवा डायलिसिसचं किंवा कर्करोगाचं असू शकतं. म्हणून योजनेच्या संकेतस्थळावरची यादी जिल्हा आणि विभाग दोन्ही पाहून वाचावी, किंवा १५५३८८ ला फोन करून विचारावं. आयुष्मानसाठी १४५५५ आहे. प्रश्न नेमका असावा. ‘इन्फेक्शनचे डॉक्टर आहेत का?’ याला उत्तर बहुधा ‘नाही’ येईल. त्याऐवजी, जनरल मेडिसिन आणि क्रिटिकल केअर हे विभाग योजनेत आहेत का, पूर्णवेळ फिजिशियन आहेत का, आयसीयूत योजनेच्या रुग्णाला खाट मिळते का, कल्चर तिथेच होतं की बाहेर पाठवतात, आणि गरज पडली तर बाहेरून तज्ज्ञ बोलावतात का, हे विचारावं.

रुग्णालयाच्या दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं. हा मुलगा किंवा मुलगी रुग्णालयाची नोकर नसते, योजनेची असते, आणि तिला तसं वागवलं तर ती खूप मदत करते. रेशनकार्ड आणि आधार दाखवून नोंद होते. मग रुग्णालय कागदपत्रं आणि तपासण्यांचे रिपोर्ट पाठवून मंजुरी घेतं, त्याला सगळे ‘प्रीऑथ’ म्हणतात. रुग्ण गंभीर असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर दिले तरी चालतात. मंजुरी मिळाल्यावर पॅकेजमध्ये येणाऱ्या गोष्टींसाठी, मग ते औषध असो वा तपासणी, वेगळे पैसे मागता येत नाहीत. मागितले तर पावती मागावी, आरोग्यमित्राला सांगावं आणि त्याच टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवावी. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. तुमचं पॅकेज त्यांत मोडत असेल तर खासगी रुग्णालय नाही म्हणालं, तरी ते खोटं बोलत नाही.

कारखान्यात किंवा दुकानात नोकरी असेल आणि महिना पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर पगारातून ईएसआयसीचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, पाऊण टक्का कापला जात असेल. या विम्याला सिव्हिल, योजना, आरोग्यमित्र काहीच लागत नाही. आणि संसर्गाच्या रुग्णासाठी तो योजनेहून सरस आहे, कारण त्यात ओपीडीही येते. दवाखान्यातून चिठ्ठी घ्यायची, तिथून ईएसआयसीच्या रुग्णालयात जायचं, आणि तिथे ती सोय नसेल तर करार झालेल्या मोठ्या रुग्णालयात ते स्वतः पाठवतात. मधली पायरी गाळून थेट मोठ्या रुग्णालयात गेलात तर खर्च परत मिळवणं जिकिरीचं होतं. क्षय, कुष्ठरोग, एड्स आणि छातीत दीर्घकाळ पू साठणं हे आजार ईएसआयसीच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. नोकरीची ठरावीक मुदत भरली असेल तर अशा रुग्णाला सुट्टीच्या काळात सरासरी रोजंदारीच्या ८० टक्के रक्कम मिळते. क्षयाच्या औषधांचे सहा महिने अनेकांना कामावर जाता येत नाही. हे पैसे तेव्हा घर चालवतात, आणि कितीतरी कामगारांना ते मिळतात हे ठाऊकच नसतं. केंद्र सरकारच्या नोकरदारांची आणि निवृत्तांची सीजीएचएसची वाट अशीच आहे, तिथे सुरुवात वेलनेस सेंटरच्या चिठ्ठीनं होते.

आणि तज्ज्ञ खरोखरच फक्त मुंबई-पुण्यातल्या मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात असेल तर? ते रुग्णालय योजनेत नसलं तरी एक वाट उरते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या गटात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत हवा. तिथे बिलिंग काउंटरवर वाद घालण्यापेक्षा समाजसेवा अधिकाऱ्यांना आधी भेटावं. या खाटांचं काम तेच बघतात.

सीमेवरच्या लोकांचा प्रश्न आणखी वेगळा. दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याचा माणूस अत्यवस्थ झाला की गाडी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा बांबोळीकडे, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात राहणाऱ्यांसाठी आहे, ती सिंधुदुर्गकराला लागू होत नाही. आयुष्मानचं कार्ड मात्र देशभरातल्या योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. म्हणून सीमेवर राहणाऱ्यांनी केवळ रेशनकार्डावर विसंबू नये, घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी करून आयुष्मान कार्डं आधीच काढून ठेवावीत. माकडतापाचा हंगाम सुरू झाल्यावर, तापानं फणफणलेल्या माणसाचे अंगठे घेत बसायला वेळ नसतो. कामासाठी सुरत, बेळगाव, हैदराबादला गेलेल्यांनाही हेच लागू.

दाखल झाल्यावरचा सर्वांत अवघड टप्पा लांबलेल्या औषधांचा. हाडात शिरलेला जंतू किंवा हृदयाच्या झडपेवर बसलेला संसर्ग बरा व्हायला चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक लागतं. पॅकेज इतके दिवस पुरत नाही. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरची औषधं पंधरा दिवसांपर्यंत धरलेली आहेत, त्यापुढची इंजेक्शनं घरच्यांच्या खिशातून. इथे संसर्गतज्ज्ञाचं मत सोन्याच्या मोलाचं ठरतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १,०५४ रुग्णांवरचा ‘ओव्हिव्हा’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडांच्या आणि सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांइतक्याच परिणामकारक ठरल्या. डेन्मार्कमध्ये झडपांच्या संसर्गातही, रुग्ण स्थिरावल्यावर, असंच दिसलं. प्रत्येकाला हे लागू होत नाही. जंतू कोणता, गोळी हाडापर्यंत पोहोचते का, रुग्ण ती चुकवणार नाही ना, हे सगळं पाहावं लागतं. पण प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘इंजेक्शनाऐवजी गोळ्यांवर आणता येईल का, संसर्गतज्ज्ञांचं मत घेऊ या का?’ कधी कधी या एका प्रश्नानं कुटुंबाची महिनाभराची धावपळ आणि गहाण पडणारी जमीन वाचते.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते. बस पकडायची असते, बिलाचे कागद, आरोग्यमित्राची सही, फोटो. त्या गडबडीत एक गोष्ट राहून जाते. रक्ताचं कल्चर साधारण पाच दिवस ठेवतात, बुरशीचं त्याहून जास्त आणि क्षयाचं द्रव माध्यमातलं कल्चर तर सहा आठवड्यांपर्यंत. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा रिपोर्ट रुग्ण घरी गेल्यावर येतो आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत पडून राहतो. डिस्चार्ज कार्डावर बाकी असलेल्या तपासण्यांची नावं, नमुन्याचे क्रमांक आणि तो रिपोर्ट कुठल्या दिवशी, कुठल्या खिडकीवर, कुणी आणायचा हे लिहून घ्या. फेरतपासणीला ओपीडीचा वार कोणता आणि त्या दिवशी नेमके कोणते डॉक्टर बसतात, तेही त्याच कार्डावर.